आदल्या संध्याकाळची शिकवणी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ज्यांच्यावर उद्या सकाळी व्हावयाची आहे अशा स्त्रियांना आदल्या संध्याकाळी एकत्र बसवून, उद्याचा दिवस कसा उगवेल आणि कसा मावळेल हे क्रमवार सांगण्याचे काम परळच्या परिसरातील एका रुग्णालयात माझ्याकडे आले, तेव्हा त्या कामाला दफ्तरी नाव नव्हते. परिचारिकेच्या कर्तव्यांच्या यादीत ‘रुग्णास शस्त्रक्रियेसाठी तयार करणे’ असे एक कलम होते, आणि त्या कलमाचा अर्थ वर्षानुवर्षे असा लावला जात होता, की काखेतील केस काढावेत, आंघोळ घालावी, नखांचा रंग पुसावा, दागिने मोजून नातेवाइकांच्या हवाली करावेत व वहीत त्यांची सही घ्यावी, संमतिपत्र पुरे भरले आहे की नाही ते पाहावे, आणि मध्यरात्रीनंतर अन्नपाणी बंद अशी पाटी खाटेला अडकवावी. या तयारीत देहाचा बंदोबस्त चोख होत असे. ज्या बाईचा तो देह, तिच्या मनाचे काम मात्र देवावर, नवऱ्यावर किंवा रात्रीच्या झोपेच्या गोळीवर सोपविलेले असे.

बाह्यरुग्ण विभागातील शल्यचिकित्सक काही सांगत नसत असे नव्हे. स्तन संपूर्ण काढावयाचा की केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग, काखेतील ग्रंथींचे काय करावयाचे, नंतर औषधे आणि किरणोपचार लागतील की नाही, हे सारे ते सांगत. पण तुकड्याच्या तपासणीचा निकाल कानावर पडला त्या क्षणी बाईचे ऐकणे थांबलेले असते, ही गोष्ट त्या खोलीत बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसते, बोलणाऱ्याला सहसा दिसत नाही. ती मान हलवीत असते, ‘हो साहेब’ म्हणत असते, आणि बाहेर बाकावर येऊन बसल्यावर सोबतच्या नणंदेला विचारते, “काय म्हणाले गं?” नणंदेनेही ऐकलेले नसते. तेथून शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत जे दिवस जातात, त्यांत ही रिकामी राहिलेली जागा शेजारीण, गावाकडचा फोन आणि पूर्वी कोणा मावशीवर ओढवलेल्या प्रसंगाची वर्णने भरून काढतात. सबब माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या स्त्रीजवळ माहिती नसे असे कधीच झाले नाही. माहितीचा साठा भरपूर असे. फक्त तो भलत्याच बाईच्या आजाराचा असे.

त्या साठ्यातील सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट माल म्हणजे ‘लोखंड लागले की गाठ चवताळते’ हा समज. सातारा-सांगलीकडची बाई असो की विदर्भातली, हे वाक्य थोड्याफार फरकाने तिच्या तोंडून यावयाचेच. सुशिक्षित मंडळी या समजाला हसतात आणि तेथेच विषय संपवितात, हे मला कधी रुचले नाही, कारण तो समज निराधार कल्पनेतून जन्मलेला नसून डोळ्यांनी पाहिलेल्या मृत्यूंतून जन्मलेला आहे. आपल्याकडे कित्येक स्त्रिया गाठ हाताला लागल्यावर महिनोन्‌महिने लपवून ठेवीत आल्या. शहरात आणले जाईपर्यंत रोग हाडांत किंवा फुप्फुसांत गेलेला असे, शस्त्रक्रिया होई, आणि चार-सहा महिन्यांत ती बाई जाई. गावाने पाहिले ते एवढेच, की चाकू लागण्यापूर्वी ती चालतीबोलती होती. मी हा हिशेब त्यांच्यापुढे याच क्रमाने मांडीत असे, आणि ‘तुमच्या मावशींची गाठ केवढी झाल्यावर त्या दवाखान्यात गेल्या?’ असे विचारीत असे. उत्तर बहुधा लिंबापासून सुरू होऊन नारळापर्यंत जाई. मग मला पुढे फारसे बोलावे लागत नसे; शेजारच्या खुर्चीवरची बाईच म्हणे, “मग उशीर झाला म्हणून गेल्या त्या, कापलं म्हणून नाही.”

दुसरा अडसर घरच्यांचा. संध्याकाळी वर्ग भरण्यापूर्वी कोणीतरी मुलगा किंवा दीर मला मार्गिकेत गाठून हळू आवाजात म्हणे, “सिस्टर, आईला साधी गाठ म्हणून सांगितलंय. तुम्ही तो शब्द काढू नका.” १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय परळला उभे राहिल्यापासून या भागाचे नाव महाराष्ट्रभर ज्या एका रोगाशी जोडले गेले आहे, त्या भागात ज्या बाईला टॅक्सीतून उतरविले, जिच्यासमोर बाकावर केस गेलेल्या स्त्रिया बसलेल्या आहेत, तिला आपल्याला काय झाले आहे हे कळले नसेल, अशी या सद्भावी माणसांची खरोखरच समजूत असे. मी त्यांच्याशी वाद घालीत नसे. आईला फक्त विचारीत असे, “तुम्हाला काय सांगितलंय?” एका वृद्ध बाईने मुलाकडे एकवार पाहिले आणि मला म्हणाली, “त्याला वाटतं मला माहीत नाही. तुम्ही त्याला सांगू नका, घाबरेल तो.”

न सांगणे हीच दया, हा शिरस्ता काही आपल्याच मुलखाचा नाही. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिची स्तनाची शस्त्रक्रिया १८११ च्या सप्टेंबरअखेर पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शल्यविशारद लारे यांनी केली. भूल देण्याची विद्या तेव्हा युरोपात अस्तित्वात नव्हती. आणि आधीपासून कळल्यास रुग्णाचे धैर्य खचेल म्हणून काही तासांपेक्षा अधिक मुदत तिला द्यावयाची नाही असे वैद्यमंडळींनी ठरविले होते. बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात तिने ती हकीकत पुढे कळविली. सकाळी चिठ्ठी आल्यावर बैठकीच्या खोलीत जाऊन पट्ट्या, बोळे आणि स्पंजांचा ढीग पाहिला तेव्हा आपल्याला कसे मळमळले, हे तिने चाकूच्या वेदनेइतक्याच बारकाईने नोंदविले आहे. (ती बाई त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगली; ही गोष्ट मी वर्गात अवश्य सांगत असे.) भुलीचा शोध लागल्यावर वेदना गेली, पण अंधार गेला नाही. अमेरिकेतसुद्धा १९७०च्या दशकापर्यंत अशी रीत होती की गाठीच्या तपासणीसाठी म्हणून बाईला भूल द्यावयाची, तुकडा तत्क्षणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, आणि रोग आढळला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन काढावयाचा. म्हणजे आपण जागे होऊ तेव्हा छातीवर काय असेल हे ठाऊक नसताना त्या स्त्रिया डोळे मिटीत असत. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार स्त्रीला १९७४ मध्ये हाच रोग झाला, तेव्हा तिने या पद्धतीला साफ नकार दिला, देशभर गलका केला, आणि १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन स्वतंत्र पायऱ्या असाव्यात अशी शिफारस केली. आज आपल्या रुग्णालयांत आधी तुकडा, मग निकाल, मग तारीख हा जो क्रम सर्वांना स्वाभाविक वाटतो, त्यामागे अशी एक चिडलेली बाई आहे.

माझा वर्ग म्हणजे कक्षाच्या टोकाची एक खोली, काही खुर्च्या, आणि एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेले साहित्य. सुरुवातीला मला एक छापील पुस्तिका देण्यात आली होती. तिच्यात काही खोटे नव्हते. पण ती आपण होऊन बोलत सुटे, आणि समोरच्या बाईला काय हवे आहे ते विचारीत नसे. म्हणून मी ती शेवटी वाटू लागले आणि आरंभी प्रत्येकीला एकच प्रश्न करू लागले: उद्याच्या दिवसातले नेमके कशाचे भय वाटते? मृत्यूचे, असे उत्तर पहिल्या फेरीत क्वचितच येई. वरळीकडची एक कोळीण म्हणाली, “टोपली डोक्यावर घ्यायला हात वर जाईल का, तेवढं सांगा.” शाळेत शिकविणाऱ्या एका बाईंना भुलीत आपण काहीबाही बरळू, घरातले सगळे बाहेर पडेल, ही धास्ती होती. भिवंडीच्या एका मुस्लिम स्त्रीला टेबलावर आपले अंग किती वेळ आणि कोणासमोर उघडे राहील हे विचारावयाचे होते, आणि ते विचारण्याचे धाडस तिने इतर बायका उठून गेल्यावर केले. सोलापूरच्या एका विडी कामगार बाईने जो प्रश्न केला तो त्यानंतर मी कोणी विचारो न विचारो, दर वेळी स्वतःहून घेऊ लागले. “काढलेलं टाकतात कुठं? कुत्र्यामांजरांना तर नाही ना जात?”

यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर रोगाविषयीच्या व्याख्यानात सापडत नाही, आणि प्रत्येकाचे उत्तर रुग्णालयात कोणाला ना कोणाला ठाऊक असते. काढलेला भाग द्रावणात ठेवून, नाव-नंबराची चिठ्ठी लावून विकृतिशास्त्र विभागाकडे रवाना होतो, तेथे त्याचे पातळ छेद घेऊन तपासतात, त्यावरून पुढचे उपचार ठरतात, आणि उरलेल्या भागाची विल्हेवाट नियमाप्रमाणे जाळून लावली जाते, हे सांगितल्यावर सोलापूरच्या बाई म्हणाल्या, “जाळतात ना? मग बरं.” भुलीत माणूस गुपिते सांगत नाही, घशात नळी असते, बोलणार कशाने? टेबलावर भूल चढल्यानंतरच वस्त्र दूर होते आणि शस्त्रक्रियेचा भाग वगळता बाकी सर्व अंग हिरव्या चादरींनी झाकलेले असते. कोळणीला मात्र मी तत्काळ ‘हो’ म्हटले नाही. हात वर जाईल, परंतु आपोआप जाणार नाही. भिंतीवर बोटांनी रोज थोडे थोडे वर चढावे लागेल, दुखले म्हणून हात पोटाशी धरून बसाल तर खांदा आखडेल, आणि काखेतील ग्रंथी काढल्या तर त्या हातावर सूज येण्याचा संभव आयुष्यभर राहील, तेव्हा त्या हाताला जखम, भाजणे, मासळीचा काटा यांपासून जपावे लागेल, असे तिला सांगितले. शेवटचे ऐकून ती खळखळून हसली. काट्यापासून जपणारी कोळीण तिने पाहिलेली नव्हती. मग रबरी हातमोज्यांपर्यंत आमची तडजोड झाली.

भय कमी करावयाचे तर ‘काही होत नाही, सगळे ठीक होईल’ असे म्हणणे जितके निरुपयोगी, तितकेच रोगाचे शास्त्र समजावून सांगणेही फारसे उपयोगाचे नाही, हे माझे मत अनुभवातून बनले. उपयोगी पडते ते पुढच्या क्षणी अंगाला काय जाणवेल याचे वर्णन. १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी पोटाच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला होता. त्यांतील काहींना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून कोठे दुखेल, किती दुखेल, स्नायू सैल कसे सोडावेत, कुशीवर कसे वळावे एवढेच सांगितले. शल्यचिकित्सकांना कोणाला सांगितले आहे याचा पत्ता नव्हता. आणि ज्यांना सांगितले होते त्यांना लागलेली वेदनाशामके सुमारे निम्म्यावर आली, शिवाय त्यांची घरी रवानगीही सरासरी दोन दिवसांहून अधिक आधी झाली. हा निबंध मला एका तरुण भूलतज्ज्ञाने वाचावयास दिला, तेव्हा आपण जे चाचपडत करीत होतो त्याला कोठेतरी आधार आहे, याचे मोठे समाधान वाटले.

म्हणून माझ्या डब्यातून सर्वांत आधी बाहेर येई ती नळी. शस्त्रक्रियेनंतर आत साचणारा द्रव बाहेर यावा यासाठी जखमेतून एक बारीक नळी काढून ती बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या घडीच्या डब्याला जोडतात, आणि भाता दाबून सोडला की तो हळूहळू फुगत द्रव ओढून घेतो. ही वस्तू पूर्वसूचनेवाचून जाग येताच अंगाला लटकलेली दिसली आणि तिच्यात लाल पाणी दिसले, की बाईची खात्री होते की आपले रक्त वाहून चालले आहे. तीच वस्तू आदल्या संध्याकाळी हातात घेतली, दाबली, पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून पाहिली, पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर असा रंग बदलत जातो हे ऐकले, आणि दिवसाचे माप बरेच उतरले की नळी निघते हे कळले, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच बाई मला हाक मारून सांगे, “सिस्टर, गुलाबी झालं.” काखेतील पहिली ग्रंथी हुडकण्यासाठी ज्यांना निळे रंगद्रव्य टोचावयाचे असे, त्यांना मी लघवी हिरवट-निळी होईल हे बजावून ठेवीत असे. दंडाची आतली बाजू बधिर होईल, कारण काखेतून जाणारा एक बारीक मज्जातंतू अनेकदा वाचविता येत नाही, हेही सांगत असे. जाग आल्यावर घसा खवखवेल, थंडी वाजून अंग थरथरेल, तोंडाला कोरड पडेल, आणि पाणी मागितले तरी लगेच मिळणार नाही. वाईट बातम्यांची ही जंत्री ऐकून बायका घाबरतील असे एका वरिष्ठ डॉक्टरांचे म्हणणे होते. एक दिवस ते मागच्या खुर्चीवर येऊन बसले, शेवटपर्यंत ऐकले, आणि त्यानंतर स्वतःच्या रुग्ण स्त्रियांना आठवणीने वर्गाला पाठवू लागले.

मंगळसूत्राची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावयास हवी. शस्त्रक्रियागृहात विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करतात; अंगावर धातू असल्यास तेथे भाजण्याचा धोका असतो, सबब एकही दागिना चालत नाही. नियम रास्त आहे, पण तो अमलात येई तो सकाळी सात वाजता, चाकाच्या खाटेवर बाई आडवी झाल्यावर, दारापाशी. ‘मावशी, गळ्यातलं काढा’ असा हुकूम सुटे. हातातल्या काचेच्या बांगड्या निघत नसल्या तर त्या तेथल्या तेथे वाढविल्या जात. आणि सधवा स्त्री उघड्या गळ्याने व रित्या हातांनी नवऱ्यासमोरून आत नेली जाई. त्या क्षणी कित्येकींच्या नाडीचे ठोके आणि रक्तदाब इतके वाढत की भूलतज्ज्ञ खोळंबून राहत. वर्गात कारण समजावून सांगून हे काम आदल्या संध्याकाळवर आणले, त्यापेक्षा अधिक परिणामकारक असे काही मी साऱ्या नोकरीत केले असेल असे वाटत नाही. साबण आणि खोबरेल तेल घेऊन बांगड्या एकेक करून अखंड काढल्या जाऊ लागल्या. मंगळसूत्र कोणी सासूच्या ओटीत दिले, कोणी नवऱ्याच्या खिशात, एकीने तर स्वतःच्या मुलीच्या गळ्यात घालून ‘उद्या संध्याकाळपर्यंत सांभाळ’ असे सांगितले. रक्तदाबाच्या कागदावर फरक पडला हे भूलतज्ज्ञांनीच मला दाखविले.

पैशाविषयीची चिंता वर्गात बोलून दाखविली जात नाही. ती डोकेदुखी किंवा निद्रानाश म्हणून प्रकट होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी आली की नाही, शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत तफावत आहे ती चालेल का, सोबतच्या माणसाने राहावयाचे कोठे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल काय, हे प्रश्न ज्या बाईच्या डोक्यात फिरत आहेत तिला श्वासाचे व्यायाम शिकविण्यात अर्थ नसतो. अशा वेळी मी समाजसेवा विभागाच्या कारकुनांनाच दहा मिनिटे वर्गात बोलावीत असे, आणि त्यांच्या रुक्ष बोलण्याने जी शांतता येई ती माझ्या मृदू बोलण्याने येत नसे, हे मोकळेपणाने लिहावेसे वाटते.

पुढे चिंता मोजण्याचीही टूम निघाली. झिगमंड आणि स्नेथ यांची १९८३ ची चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली मराठीत करून आमच्याकडे आली. तिच्यात चांगले पुस्तक किंवा रेडिओ-टीव्हीवरचा कार्यक्रम यांत मन रमते का, असा एक प्रश्न आहे. त्यावर जव्हारकडच्या एका बाईने माझ्याकडे फार करुणेने पाहिले. तरी मोजदाद व्हावी या मताची मी आहे; दोन-तीन स्त्रियांच्या बाबतीत त्या आकड्यांमुळेच मनोविकारतज्ज्ञांना वेळेवर बोलावता आले.

सर्वांनाच सर्व सांगावे, असे मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ आयर्व्हिंग जॅनिस यांनी १९५८ मध्ये असे मांडले होते की शस्त्रक्रियेपूर्वी थोडेसे घाबरलेले रुग्ण पुढे अधिक सावरतात, आणि मुळीच न घाबरलेले नंतर चिडतात. त्यांचा सिद्धांत पुढील संशोधकांनी जसाच्या तसा मान्य केला नाही. परंतु ‘मला कसलंच टेन्शन नाही’ म्हणत कक्षभर हसत हिंडणाऱ्या बाईची खाट मी तिसऱ्या दिवसासाठी लक्षात ठेवीत असे. उलट, एखादी स्पष्टच सांगे, “सिस्टर, मला काही ऐकायचं नाही. सकाळी उठवा, न्या.” तिला मी फक्त नळीविषयी सांगत असे आणि सोडून देत असे. आणि सर्वांत शेवटी, खुर्च्या सरकू लागल्यावर, कोणीतरी विचारीच: “पुन्हा तर नाही ना होणार?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि असल्याचा आव मी आणला नाही. काढलेल्या भागाच्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत का, ग्रंथींत रोग होता का, हे तपासणीचा निकाल आल्यावर कळेल. त्याला काही दिवस लागतात. त्या निकालावर डॉक्टर तुमच्याशी बोलतील, आणि त्या दिवशी सोबत लिहून घेणारे कोणीतरी आणा, एवढेच मी सांगत असे.

वरळीची ती कोळीण तपासणीच्या तारखांना येई तेव्हा न चुकता वर्गाच्या खोलीत डोकावे. एकदा मी नळीच्या डब्याची माहिती सांगत असता तिने मला मध्येच थांबविले. डबा हातात धरून चालावे, असे मी सांगत होते. ते तिला साफ नामंजूर होते. “हातात धरलं की नळी ओढली जाते, आणि धरणारा हात अडकतो. एक कापडाची पिशवी शिवा, पट्टा लांब ठेवा, गळ्यातून दुसऱ्या खांद्यावर घ्या, वरून पदर. मी तशी लोकलनं गेलेय, कुणाला कळलं नाही.” समोरच्या बायकांनी पिशवीचे माप विचारले, आणि तिने ते वीत आणि चार बोटे असे हाताने दाखविले. पुढच्या आठवड्यात कक्षाच्या शिवणखान्याला मी त्या मापाच्या पिशव्यांची मागणी लिहून पाठविली. मंजूर व्हायला तीन महिने लागले, तोवर तिनेच शिवून आणून दिल्या.